लॅब्राडूडल घ्यावा का?

प्रश्न: ताई, आम्ही मेलबर्नला असतो, लेकीला लॅब्राडूडलचं पिल्लू हवंय पण ह्यांना कुत्र्यांची अ‍ॅलर्जी आहे, ब्रीडर म्हणतो ह्या जातीचा काहीच त्रास होत नाही, खरंय का?

उत्तर: नाही गं, अशी गॅरंटी कुणी देऊच शकत नाही. १९८० च्या दशकात तुमच्या तिकडेच अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरनने लॅब्राडॉर आणि पूडलचा हा क्रॉस केला तो हवाईतल्या एका अंध बाईंसाठी, त्यांच्याही नवऱ्याला अ‍ॅलर्जी, आणि तीन पिल्लांतलं एकच त्यांना चाललं! लाळेतून, कोंड्यातूनही त्रास होतो ना. म्हणून मिस्टरांना आधी त्याच पिल्लाजवळ दोनतीनदा बसवून बघ, आईवडिलांचे हिप आणि डोळ्यांचे रिपोर्ट माग, नाही दिले तर सरळ उठून ये. आणि असले कुरळे केस भयंकर गुंततात हं, रोज कोण विंचरणार ते लेकीला आत्ताच विचार.