चिपवरचा स्टिकर सोलू नकोस
रद्द झालेल्या व्हिडिओ गेम्सचा नाद लागलाय ना, मग ‘स्टार फॉक्स २’पासून सुरुवात कर. सुपर निन्टेंडो या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलसाठी तो तयार होता, पण पुढचं कन्सोल निन्टेंडो ६४ तोंडावर आलं नि कंपनीने तो रोखला. थेट २०१७ साली एसएनईएस क्लासिक या सुपर निन्टेंडोच्या छोट्या नव्या आवृत्तीतून बाहेर आला. बाकीच्यांच्या नशिबी एवढंही नसतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा गेमचा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी बनवलेलं कार्ट्रिज, मिळणं कठीणच. पण कधी हाती आलाच, तर चिपवरचा स्टिकर सोलू नकोस. त्याखाली काचेची इवलीशी खिडकी असते; ऊन लागत राहिलं की ईप्रॉममधला, म्हणजे त्या मेमरी चिपमधला, डेटा पुसला जातो. आधी त्याची प्रत काढून घे, मग मित्रांना दाखव.

आणि आपला पावसाळा! जून लागण्याआधी सगळं सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेव. माझ्या एका कार्ट्रिजच्या पिना हिरव्या पडल्या, अजून जीव हळहळतो.