एपी कॅल्क्युलस केलेल्या मुलाला कॉलेजचं पहिलं गणित सोपं जातं का?

अमेरिकेतल्या हायस्कूलचं विचारताय असं धरून सांगतो. एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, त्यांच्या परीक्षेत १ ते ५ गुण मिळतात. जातं, पण ‘एबी’ केलंय की ‘बीसी’ यावर बरंच आहे. एबीत साधारण पहिल्या सेमिस्टरचं कॅल्क्युलस येतं. बीसीत त्यापुढच्या अनंत श्रेणी, पोलर कोऑर्डिनेट्स वगैरे. एमआयटी बीसीतल्या ५ वर कॅल्क्युलसचा पहिला कोर्स माफ करते, एबीवर नाही. इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांत मात्र ३ लाही क्रेडिट (म्हणजे कॉलेजच्या कोर्सचे गुण आधीच जमा), तेही कायद्यानेच.

खरा फायदा लिहिण्याच्या सवयीचा. मे महिन्यातल्या परीक्षेत ‘इथे कमाल किंमत का?’ असं विचारलं, तर डेरिव्हेटिव्ह शून्य आहे एवढ्यावर भागत नाही. तो तिथे धनाचा ऋण होतो हे दाखवावं लागतं. कॉलेजातले प्राध्यापक नेमकं हेच मागतात.

अडतं ते वेगापाशी. शाळेत वर्षभर चालणारं कॉलेजात एका सेमिस्टरमध्ये उरकतात, आणि गृहपाठासाठी कुणी मागे लागत नाही. ३ आले असतील आणि इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर क्रेडिट मिळत असूनही मी तोच कोर्स पुन्हा घ्यायला सांगेन. आणि एपी फिजिक्स वनच्या भरवशावर राहू नका, त्यात कॅल्क्युलस नसतंच.