ड्रायव्हर शोधत बसू नका, आधी लॉग बघा: लिनक्स आणि ब्लूटूथबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहे. परवापर्यंत ब्लूटूथ मस्त चालू होतं, मग विंडोजचा एक अपडेट झाला आणि आता उबुंटूच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ ॲडॉप्टरच सापडत नाही म्हणतंय. रिस्टार्ट चार वेळा केला. वाय-फाय एकदम ठीक आहे. कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर शोधला तर सगळ्या विंडोजच्याच फाइली, लिनक्सचा ड्रायव्हर कुठून घ्यायचा?

उत्तर: कुठूनच नाही! तुमचा ड्रायव्हर आधीच तुमच्याकडे आहे, तो कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) येतो, बहुतेक लॅपटॉपात त्याचं नाव बीटीयूएसबी. विंडोजची सवय असलेला माणूस पहिलं काम काय करतो तर ड्रायव्हर डाउनलोड करायला निघतो, आणि लिनक्सवर नेमका तिथेच दिवस वाया जातो.

वाय-फाय चालतंय म्हणजे कार्ड ठीक आहे असं तुम्ही धरून चाललाय, पण कार्ड एकच असलं तरी त्याचे रस्ते दोन असतात. वाय-फाय साधारणपणे पीसीआय एक्सप्रेस नावाच्या आतल्या जोडणीवरून बोलतं आणि ब्लूटूथ त्याच कार्डावरून यूएसबीने. म्हणजे बाहेर काही खोचलेलं नसलं तरी आतून ते यूएसबीचंच डिव्हाइस आहे. म्हणून एलएसपीसीआय (lspci) ही कमांड मारून ब्लूटूथ शोधू नका, तिथे फक्त वाय-फाय दिसेल. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) मारा, यूएसबी डिव्हाइसांची यादी येते. इंटेलचं असेल तर ८०८७ ने सुरू होणारा आयडी दिसेल, रिअलटेकचं असेल तर बऱ्याचदा ०बीडीए.

तुमच्या बाबतीत मला वाटतं ती ओळच दिसणार नाही. आणि ओळच नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही, कारण कर्नलला समोर कुणी उभंच दिसत नाहीये. हे बहुतेक विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे होतं. ते चालू असलं की शट डाउन म्हटलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं आणि ब्लूटूथची चिप मध्येच कुठेतरी लटकून राहते. मोठ्या अपडेटनंतर हे सेटिंग गुपचूप परत चालू झालेलं सापडू शकतं, त्यामुळे आधी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. मग लॅपटॉप शट डाउन करा, रिस्टार्ट नाही, रिस्टार्टमध्ये चिपची वीज जातच नाही आणि तुमचे चारही रिस्टार्ट त्यामुळेच फुकट गेले. चार्जर काढा, बाहेरचं सगळं यूएसबी काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, जरा थांबा आणि थेट उबुंटूत चालू करा. बहुतेक वेळा इथेच काम होतं. नाही झालं तर बायोसमध्ये ब्लूटूथ बंद केलंय का ते एकदा पाहून घ्या.

समजा ओळ दिसतेय पण ब्लूटूथ तरी नाही, मग लॉग, म्हणजे कर्नलने करून ठेवलेल्या नोंदी. सुडो (sudo, ॲडमिनचा अधिकार) लावून डीमेसेज (dmesg) ही कमांड मारा आणि ब्लूटूथ हा शब्द असलेल्या ओळी ग्रेप (grep) या कमांडने गाळून घ्या. तिथे साधारण अशी ओळ असते: ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर’, मग फाइलचं नाव, मग ‘फेल्ड विथ एरर -२’. हा उणे दोन म्हणजे फाइलच सापडली नाही, बाकी काही नाही. चिपला प्रत्येक वेळी चालू होताना तिचा छोटा प्रोग्राम वरून भरवावा लागतो, तो फर्मवेअर, आणि तो ड्रायव्हरपासून वेगळ्या पॅकेजमध्ये येतो. उबुंटूवर त्या पॅकेजचं नाव लिनक्स-फर्मवेअर. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर ते कंपनीवार तोडलेलं आहे, इंटेलसाठी फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकसाठी फर्मवेअर-रिअलटेक. आणि डेबियन जुनं होतं आणि तुम्ही अपग्रेड करत करत १२ वर आला असाल तर एक मेख आहे, २०२३ च्या त्या आवृत्तीपासून ही पॅकेजं नॉन-फ्री-फर्मवेअर नावाच्या नव्या विभागात गेली, तो सोर्सेसच्या यादीत (पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी) हाताने घालावा लागतो, नाहीतर अपडेट मारत राहाल आणि फर्मवेअर जुनाच राहील.

उणे दोनऐवजी उणे ११० दिसला तर अर्थ वेगळा. फाइलचा प्रश्न नाही, चिप उत्तरच देत नाहीये, टाइमआउट. मग परत वरचा तीस सेकंदांचा उपाय.

प्रश्न: नवा लॅपटॉप घेतला, त्यात मीडियाटेकचं कार्ड आहे. जुन्या पेनड्राइव्हवरून दोन-तीन वर्षांपूर्वीचं लिनक्स टाकलं. एलएसयूएसबीमध्ये १३डी३ वालं काहीतरी दिसतं पण ब्लूटूथ चालू होत नाही. एका व्हिडिओत सोर्स कोड उतरवून स्वतः कंपाइल करा असं सांगितलंय, करू का?

उत्तर: नका करू. निदान सगळ्यात आधी तरी नको.

ड्रायव्हरच्या आत आयडींची एक यादी असते, कुठला आयडी दिसला की कुठल्या कंपनीची पद्धत वापरायची त्याची. १३डी३ हा आयडी कार्ड जुळवणाऱ्या कंपनीचा आहे, आतली चिप कुणाचीही असू शकते, त्यामुळे नुसत्या पहिल्या आकड्यांवरून कर्नलला काही कळत नाही, पूर्ण आयडी यादीत लागतो. तुमचं कर्नल निघालं तेव्हा हे कार्ड बाजारात नसेल तर तो आयडी यादीत कुठून असणार, मग कर्नल त्याला साधं ब्लूटूथ समजतं, फर्मवेअर भरतच नाही आणि चिप ढिम्म राहते.

इलाज म्हणजे नवं कर्नल आणि नवा फर्मवेअर, दोन्ही सोबत. आधी खात्री करायची तर कुठल्याही डिस्ट्रोची (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकाराची) ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवा आणि ब्लूटूथ दिसतं का बघा. दिसलं तर विषय मिटला, तीच टाका. जुनीच ठेवायची असेल तर उबुंटूच्या एलटीएसवर (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी आवृत्ती) एचडब्ल्यूई नावाचं नवं कर्नल मिळतं आणि डेबियनवर बॅकपोर्ट्स, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली नवी पॅकेजं. कंपाइल केलेल्या मॉड्यूलचं (कर्नलला जोडायच्या ड्रायव्हरचं) दुखणं असं की सिक्युअर बूट (बायोसमधलं सुरक्षेचं सेटिंग) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही, आणि बंद केलं तरी पुढच्या कर्नल अपडेटला तेच काम परत. व्हिडिओवाला तोवर दुसऱ्या लॅपटॉपवर गेलेला असतो.

प्रश्न: बटण ऑन करतो आणि ते आपोआप परत ऑफला जातं. एरर वगैरे काही नाही.

उत्तर: टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट (rfkill list) मारा, वायरलेस कुठे अडवलंय ते दिसतं. सॉफ्ट ब्लॉक्डसमोर येस असेल तर आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ, झालं. हार्ड ब्लॉक्डसमोर येस असेल तर सॉफ्टवेअरने काहीच होणार नाही, लॅपटॉपच्या कडेचा स्विच किंवा विमानाचं चित्र असलेली की बघा. दोन्हीकडे नो असेल तर सिस्टिमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ (systemctl status bluetooth) मारा, सर्व्हिस चालू तरी आहे का ते कळेल.

प्रश्न: विंडोजमध्ये हेडफोन जोडले की लिनक्समध्ये चालत नाहीत, लिनक्समध्ये परत पेअर केले की विंडोजमध्ये बंद. रोज हेच. ड्रायव्हर भांडतायत का?

उत्तर: ड्रायव्हर बिचारे एकमेकांना ओळखतही नाहीत. पेअर करताना लॅपटॉप आणि हेडफोन यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते. तुमच्या लॅपटॉपचा ब्लूटूथ पत्ता दोन्ही सिस्टिममध्ये एकच, त्यामुळे हेडफोनला वाटतं हा तोच लॅपटॉप, आणि नवी किल्ली आली की तो जुनी फेकून देतो.

दोन्हीकडे एकच किल्ली ठेवायची. आधी लिनक्समध्ये पेअर करा, मग विंडोजमध्ये, म्हणजे खरी किल्ली विंडोजकडे राहिली. ती विंडोजच्या रजिस्ट्रीतून (विंडोज आपली सेटिंगं साठवतं ती जागा) काढून लिनक्सच्या फाइलीत टाकायची. ‘व्हार’मधल्या ‘लिब’मधल्या ‘ब्लूटूथ’ फोल्डरात ॲडॉप्टरच्या पत्त्याचं फोल्डर, त्यात हेडफोनच्या पत्त्याचं, त्यात इन्फो नावाची फाइल, तिच्यात लिंक-की खाली. मग ब्लूटूथची सर्व्हिस रिस्टार्ट. नव्या माउस-कीबोर्डचं प्रकरण जास्त किचकट असतं, ते लो एनर्जी (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथच्या) प्रकारचे असले तर किल्ल्या एकापेक्षा जास्त असतात आणि काहींचा पत्ताही दर पेअरिंगला बदलतो. त्यांच्या बाबतीत कधीकधी हात जोडून यूएसबी डोंगल घेतलेला बरा.

प्रश्न: गाणी छान वाजतात पण मीटिंग सुरू झाली की हेडफोनचा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. ड्रायव्हर खराब झालाय का?

उत्तर: नाही हो. गाण्यांसाठी एटूडीपी नावाचं प्रोफाइल (आवाज पाठवायची ब्लूटूथची पद्धत) चालतं, त्यात आवाज चांगला पण माइक नाही. मीटिंगच्या ॲपने माइक मागितला की सिस्टिम हेडसेटच्या प्रोफाइलवर उडी मारते, तिथे आवाज ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर येतो, नशीब चांगलं आणि एमएसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची जरा चांगली पद्धत) मिळाला तर १६. फोनचाच दर्जा तो. साधा उपाय, साउंड सेटिंगमध्ये इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा आणि आउटपुटला हेडफोन ठेवा, मग उडी मारायची वेळच येत नाही.

प्रश्न: ब्लूटूथ माउस जरा वेळ हात काढला की झोपतो, परत हलवला की अडकत अडकत चालतो.

उत्तर: यूएसबीचं ऑटोसस्पेंड असू शकतं, वीज वाचवायला कर्नल ब्लूटूथच्या चिपलाच झोपवतं. मोडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करणाऱ्या कमांडच्या) कॉन्फिगमध्ये बीटीयूएसबीसाठी एनेबल-ऑटोसस्पेंड (मधे अंडरस्कोअर), मग = चिन्ह, मग एन (enable_autosuspend=n) असं लिहून रिबूट करा. बॅटरीला थोडा फटका बसेल. पण त्याआधी शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती काढून बघा, तिचा गोंगाट नेमका ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि माउस उगाच बदनाम होतो.