अक्षरं चेपू नका

प्रश्न : आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात बारा रकान्यांचं इंग्रजी कोष्टक आहे. मथळे मावेनात, म्हणून मी हेल्व्हेटिकाची रुंदी ७० टक्के केली. मावलं सगळं, पण अक्षरं आजारी दिसतात. फॉन्ट तर तोच आहे! आणि ‘कंडेन्स्ड’ नावाने वेगळा अरुंद फॉन्ट मिळतो, तो तरी चेपलेलाच ना?

उत्तर : नाही. तुमच्या कोष्टकातला कॅपिटल एच मोठा करून बघा. उभ्या रेघांची जाडी ७० टक्क्यांवर आली, मधली आडवी रेघ मात्र होती तेवढीच राहिली. दोन्ही रेघा सारख्या जाडीच्या असल्या तरी डोळ्याला आडवी जास्त जाड भासते, म्हणून अक्षर आखणारा तिला आधीच किंचित बारीक ठेवतो. तुम्ही नेमकं ते उलटं केलंत. (मीही एका स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हेच केलं होतं. आत ‘सजावट’ म्हणून माझं नाव होतं, ते खोडता आलं असतं तर खोडलं असतं.)

खऱ्या कंडेन्स्डमध्ये अक्षर नव्याने आखलेलं असतं. ‘ओ’च्या दोन्ही कुशी जवळजवळ सरळ होतात, गोलाई फक्त माथ्याला आणि तळाला उरते. रेघांची जाडी, पोटातली मोकळी जागा, शेजारच्या अक्षरापासूनचं अंतर, सगळं परत ठरवावं लागतं. छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवायच्या काळात तुमचा प्रश्न उद्भवलाच नसता. शिसं कोण चेपणार? अरुंद अक्षर हवं तर खिळेच वेगळे. अमेरिकन अक्षररचनाकार मॉरिस फुलर बेंटनचा १९०३चा ऑल्टरनेट गॉथिक हा टाइप तीन रुंदींमध्ये होता. स्विस अक्षररचनाकार एड्रियन फ्रुटिगरने १९५७च्या युनिव्हर्स या टाइपमध्ये तर रुंदी आकड्यातच घातली : ५५ नेहमीचा, ५७ अरुंद, ५९ त्याहून अरुंद. कोष्टकासाठी मी डोळे झाकून ५७ घेईन. व्हेरिएबल फॉन्टमध्ये (एकाच फाइलमध्ये जाडी, रुंदी बदलता येते असा फॉन्ट) रुंदीची पट्टी असेल तर तीही खुशाल सरकवा. तिथे अरुंद टोकही आखलेलंच असतं.

हॉलिवूडच्या पोस्टरवर तळाशी नावांची उंच, काटकुळी रांग असते ना? करारात नावांचा आकार बहुधा चित्रपटाच्या नावाच्या प्रमाणात बांधलेला असतो, आणि मोजली जाते ती उंची. रुंदीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मग काय, ती नावं वाचायला नसतातच, असायला असतात.

तुमचं कोष्टक मात्र वाचायचं आहे. जर्मन रस्त्यांवरच्या पाट्यांसाठीच्या डीआयएन १४५१ या अक्षर-मानकामध्ये मध्यम आणि अरुंद अशी दोन्ही अक्षरं आहेत. मध्यम मावेना तेव्हाच अरुंदाकडे वळायचं. तुम्हीही मथळेच अरुंद करा, खालचा मजकूर नको. बारीक आकारात अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा. मग एक पान खऱ्या मापात छापून हातभर लांब धरा आणि ३, ६, ८, ९ वेगळे ओळखू येतात का बघा. नाही आले तर फॉन्ट बदलू नका, दोन रकाने कमी करा.