विमान निम्मं रिकामं असतानाही स्वस्त एअरलाइन मोकळ्या सीटवर का बसू देत नाहीत?

तुम्ही विचारलंय की पुढच्या चार रांगा मोकळ्या दिसत होत्या, तरी क्रूने तिथे बसू दिलं नाही आणि सुरक्षिततेचं कारण सांगितलं. ते खरं होतं की पैसे काढायचा मार्ग?

दोन्ही कारणं अस्तित्वात आहेत, आणि तुमच्या वेळी कोणतं होतं हे बहुतेकदा ओळखता येतं. मी काही वर्षं लोड कंट्रोलमध्ये काम केलंय. विमान सुटण्याआधी त्याचं वजन आणि तोल जुळवून देणं हे आमचं काम. म्हणून आधी तोलाबद्दल.

प्रवासी, सामान आणि इंधन धरून विमानाचा जो गुरुत्वमध्य येतो, तो ठरलेल्या हद्दीतच असावा लागतो. तो फार पुढे गेला तर उड्डाणाच्या वेळी नाक उचलणं जड जातं. फार मागे गेला तर नाक आपणहून वर जायला बघतं, आणि हे जास्त धोक्याचं. यासाठी केबिनचे तीन-चार भाग पाडतात आणि कुठल्या भागात किती माणसं आहेत ते मोजतात. सहसा कुणाला काट्यावर उभं करत नाहीत, सरासरी वजन धरतात. युरोपात मोठ्या विमानांसाठी नेहमीचा आकडा हातातल्या सामानासह प्रौढाला 84 किलो आणि मुलाला 35 किलो असा आहे. त्यावरून लोडशीट बनते आणि तिच्यानुसार वैमानिक उड्डाणासाठी शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन लावतो. त्याला ट्रिम म्हणतात.

आता हिशेब करून बघा. विमान 60 टनांचं आहे आणि एक माणूस 10 मीटर पुढे जाऊन बसला, तर गुरुत्वमध्य जेमतेम दीड सेंटीमीटर सरकतो. काहीच बिघडत नाही. पण त्याला बघून वीस जण उठले तर तो 28 सेंटीमीटर सरकतो. 180 सीटच्या विमानात ही सगळी हद्दच मीटरभराच्या आसपास असते. म्हणजे एका माणसाला नाही म्हणायचं कारण तो एकटा नसतो, त्याच्यामागून उठणारे असतात.

लोकांना वाटतं की विमान रिकामं असेल तर कुठेही बसलं तरी चालेल. खरं तर उलटं आहे. भरलेल्या विमानात माणसं आपोआप सगळीकडे पसरलेली असतात. निम्म्या रिकाम्या विमानात मात्र बहुतेकांना पुढेच बसायचं असतं, आणि तोल बिघडतो तो तिथे. म्हणून कमी प्रवासी असले की काही कंपन्या ठरावीक रांगा सरळ बंदच ठेवतात. विमान जितकं छोटं तितका एकेका माणसाचा फरक मोठा. 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेत शार्लटहून उडालेलं बीचक्राफ्ट 1900 लगेचच कोसळलं आणि त्यातले सगळे 21 जण गेले. शेपटीकडची नियंत्रणाची केबल चुकीची बसवलेली होती, आणि त्यात विमान प्रमाणाबाहेर जड आणि मागे झुकलेलं होतं. सरासरी वजनाचे जुने आकडे कमी पडत होते हे त्या तपासात उघड झालं आणि नंतर ते वाढवले गेले. आमच्या कामात हा अपघात विसरता येत नाही.

आपत्कालीन दरवाजाजवळच्या सीटचं कारण सोपं आहे. तिथे लहान मुलं किंवा दरवाजा उघडायला शारीरिकदृष्ट्या असमर्थ असलेले प्रवासी चालत नाहीत. यात घासाघीस नको.

आता पैशाचं. स्वस्त एअरलाइनचं तिकीट स्वस्त असतं कारण त्यातून एकेक गोष्ट काढून वेगळी विकलेली असते, आणि सीट निवडणं ही त्यातली मोठी गोष्ट. इझीजेटने 2012 मध्ये आणि रायनएअरने 2014 मध्ये सरसकट ठरलेल्या सीट सुरू केल्या. त्याआधी त्यांच्याकडे जिथे जागा मिळेल तिथे बसायचं असा प्रकार होता. साउथवेस्टने तर पन्नासहून अधिक वर्षं असंच चालवलं आणि 27 जानेवारी 2026 पासून तेही थांबवलं. आता पाय पसरायला जास्त जागा असलेल्या सीट तिथे वेगळ्या विकल्या जातात. इतकी वर्षं मोकळी बैठक सुरक्षितपणे चालली, म्हणजे हा बदल तोलासाठी झालेला नाही. अमेरिकी सिनेटच्या एका समितीने 2024 मध्ये दाखवलं की 2018 ते 2023 या काळात पाच एअरलाइननी नुसत्या सीटच्या शुल्कातून 1,240 कोटी डॉलर मिळवले. त्यात स्वस्तवाल्या दोनच होत्या, बाकी तीन मोठ्या.

पैसे भरून पुढे बसलेल्याच्या शेजारी दुसरा कुणी फुकट येऊन बसला, तर पुढच्या वेळी तो पैसे भरणार नाही. म्हणून मोकळी असली तरी ती सीट देत नाहीत. धंदा म्हणून हे मला पटतं. पण तसं स्पष्ट सांगावं. पैशाच्या नियमाला सुरक्षिततेचं नाव दिलं की लोकांचा खऱ्या सुरक्षिततेच्या सूचनेवरचाही विश्वास उडतो, आणि याचा मला फार राग येतो. तसाच राग आई-बाबा आणि चार वर्षांच्या मुलाला वेगवेगळ्या रांगांत टाकण्याचा येतो. घाईने विमान रिकामं करायची वेळ आली तर पालक उलट्या दिशेने आधी मुलाकडे धावणार, म्हणजे इथे पैशाचा नियमच सुरक्षिततेच्या आड येतो. कॅनडात पाच वर्षांखालच्या मुलाला जादा पैसे न घेता पालकाच्या शेजारची सीट द्यावी, असा नियम आहे. तो सगळीकडे हवा.

ओळखायची खूण अशी: पैसे भरल्यावर तीच सीट मिळत असेल तर कारण पैशाचं. कितीही पैसे देऊन ती रांग मिळत नसेल, तर बहुधा तोलाचं. उड्डाणाआधी क्रूने नाही म्हटलं तर वाद घालू नका, कारण तोवर लोडशीट वैमानिकाच्या हातात गेलेली असते. पट्ट्याचा दिवा विझला की पुन्हा विचारा, तोलाचंच कारण असेल तर पुष्कळदा हो म्हणतात. मात्र उतरण्याआधी मूळ सीटवर जायला सांगितलं तर जा. उतरतानाचा तोलही तुम्ही तिथे बसलाय असं धरूनच काढलेला असतो.