कॅरिबियनमध्ये पॅकेजशिवाय पहिली स्कूबा सहल: बोनेअरला जा, आणि पहिल्या दिवशी गाइडला मागे ठेवा

तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं नवरा-बायको, मूळचे पुण्याचे, सध्या ह्यूस्टनला आहात. ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला परवाना) झालंय, खात्यावर १४ डायव्ह आहेत आणि ते सगळे गाइडच्या फिन्सकडे, म्हणजे पायातल्या पंखांकडे, बघत केलेले. आता कॅरिबियनच्या एखाद्या बेटावर स्वतः आखून आठवडाभर जायचंय. बेट कुठलं, कधी जायचं, आणि गाइडशिवाय जमेल का?

बेट बोनेअर. तेवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण "जमेल का"ला जरा वेळ लागणार आहे.

आधी माझी पात्रता सांगते, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी रत्नागिरीची, राहते नेदरलँड्समध्ये, आमस्टेलवेनला. तारकर्लीला कोणीतरी टाकी धरून पाण्याखाली फिरवून आणलं होतं, त्या वीस मिनिटांच्या जोरावर मी बरीच वर्षं "मला डायव्हिंग येतं" असं सांगत होते. मग मुर्डेश्वरला मुक्काम ठोकून नेत्राणी बेटाच्या पाण्यात रीतसर ओपन वॉटर केलं. इकडे आल्यावर डायव्ह केले ते झीलंड या डच प्रांताच्या थंडगार हिरव्या पाण्यात, जिथे स्वतःच्या हाताची बोटं दिसली तरी डच मंडळी "आज छान दिसतंय" म्हणतात. बोनेअरला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे २१ डायव्ह झाले होते, नवऱ्याचे १८. म्हणजे तुमच्या फार पुढे नव्हतोच.

बोनेअरच का, तर तिथे बोटीची गरज नाही. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवरचं हे बेट; वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिमेचा सगळा किनारा आडोशाला पडतो. आणि त्याच बाजूला प्रवाळ किनाऱ्याच्या इतकं जवळ आहे की गाडी लावायची, टाकी चढवायची, चालत पाण्यात शिरायचं आणि चार-पाच मिनिटं पोहलं की उताराची कड. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यावर जागेचं नाव असतं. दगड दिसला की डायव्हची जागा आली. बेटावर आणि समोरच्या क्लाइन बोनेअर या निर्मनुष्य बेटावर मिळून अशा ८० हून जास्त जागा आहेत. भाल्याने मासे मारायला तिथे १९७१ पासूनच बंदी आहे आणि १९७९ पासून बेटाभोवतीचं पाणी संरक्षित सागरी उद्यान आहे. म्हणून मासे माणसाला बुजत नाहीत. पोपटमासा तुमच्या शेजारी प्रवाळ कुरतडत असतो आणि त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, कुणी कडक चकली खावी तसा.

बाकीची बेटं वाईट आहेत असं नाही. मेक्सिकोच्या कोझुमेलचं पाणी अप्रतिम आहे, पण तिथे प्रवाह जोरदार आणि सागरी उद्यानात गाइडशिवाय उतरता येत नाही. तुम्हाला जे शिकायचंय तेच तिथे करू देत नाहीत. बेलीझच्या ब्लू होलचा, म्हणजे समुद्रातल्या त्या खोल गोल विवराचा, नाद १४ डायव्हवर करू नका. कुरसाव शेजारीच आहे, चांगलं आहे, दुसऱ्या वेळेस जा.

कधी जायचं? बोनेअर वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही लोक बिनधास्त जातात, आणि तेव्हा वाराही जरा पडलेला असतो. एकच खोच आहे. लांबून जाणाऱ्या वादळाने वारा उलटा फिरला तर हीच आडोशाची बाजू उघडी पडते. १९९९ च्या लेनी वादळाने पश्चिमेच्या उथळ प्रवाळाची पार वाट लावली होती. हे रोज होत नाही, पण तिकीट बदलता येईल असं घ्या. पाणी २६ ते २९ अंश, ३ मिलिमीटर जाडीचा डायव्हिंगचा सूट पुरतो. ह्यूस्टनहून थेट विमान आहे, तुमचं नशीब. आम्ही ॲमस्टरडॅमहून दहा तास बसून जातो.

कागदपत्रांचं लवकर उरकते. बोनेअर २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, चलन मात्र अमेरिकन डॉलर, आणि शेंगेनमध्ये ते येत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या अमेरिकेतल्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर सूट मिळते का, हे तिकिटाआधी डच सरकारच्या साइटवर बघा. ओळखीतल्या कुणाच्या अनुभवावर जाऊ नका. परदेशी पाहुण्याला ७५ डॉलर प्रवेशकर आणि वर ४० डॉलर निसर्गशुल्क, दोन्ही ऑनलाइन भरता येतं. शुल्क भरल्यावर डायव्ह सेंटरमध्ये नियम समजावून सांगतात आणि पाण्याची ओळख व्हावी म्हणून एक डायव्ह करायला लावतात. हातमोजे चालत नाहीत, कारण हातमोजे असले की माणूस प्रवाळ धरतो. २०२३ मध्ये प्रवाळाचा एक वाईट रोग तिथे पोचला, म्हणून सामान जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायला सांगतील. कंटाळा करू नका.

आता खरा मुद्दा. गाइड मासे दाखवतो हे त्याचं सगळ्यात छोटं काम. तो आज पाणी कसं आहे ते बघतो, कुठून शिरायचं ठरवतो, प्रवाह कुठल्या बाजूला ओढतोय ते पहिल्या मिनिटात ओळखतो, तुमच्या नकळत तुमचा गेज (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा) वाचतो, वळायची वेळ ठरवतो आणि बरोबर जिथून शिरलात तिथेच बाहेर काढतो. हे सगळं तो न बोलता करत असल्यामुळे आपल्याला वाटतं, आपण डायव्ह केला.

आमचं पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. दक्षिणेकडची एक सोपी जागा. दगडाचं नाव वाचलं, फोटो काढला, मस्तपैकी शिरलो. कडेपाशी पोचल्यावर डावीकडे वळलो, कारण डावीकडे कासव दिसलं. कुणीही वळेल! पंचवीस मिनिटांनी परत फिरलो तेव्हा कळलं की जाताना प्रवाह मागून ढकलत होता, म्हणजे येताना तो तोंडावर. नवऱ्याचा गेज १२० बारवरून (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप) भराभर खाली यायला लागला. धोका असा काही नव्हता, किनारा समोर होता. पण ६० बारवर आम्ही वर आलो तेव्हा आमचा ट्रक किनाऱ्यावर लांब पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसत होता. तिथून टाकी पाठीवर, फिन्स हातात, तापलेल्या रस्त्याने चालत गेलो. वाटेत तीन गाढवं उभी होती. बोनेअरला मोकाट गाढवं खूप. ती आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी अजून विसरले नाही. ओझं वाहणारे नवीन कोण आले, असं.

त्या रात्री वहीत लिहून ठेवलेलं आजही तसंच वापरतो. पाण्यात शिरण्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. कडेवर पोचलं की थांबायचं, एखाद्या जागी स्थिर राहून प्रवाह कुठे नेतोय ते पाहायचं, आणि जाताना नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमलेले असताना येणं सोपं होतं. कडेच्या ज्या टोकावरून खाली उतरलो तिथली खूण, एखादा मोठा स्पंज, बांगडीसारखं वाकलेलं प्रवाळ, वळून मागून बघून लक्षात ठेवायची; येताना ती उलट्या बाजूने दिसते आणि ओळखू येत नाही. २०० बारची टाकी असेल तर दोघांपैकी ज्याचा काटा आधी १३० वर येईल त्याच्या काट्यावर दोघांनी वळायचं, वाद नाही. वर येताना ५० शिल्लक. आणि कुणीही, कुठल्याही क्षणी, कारण न देता अंगठा वर केला (पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला') की डायव्ह संपला. नंतर जेवतानासुद्धा "का रे केलास" विचारायचं नाही. नवरा-बायकोत हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड जातं.

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या दिवशी गाइड घ्या, पैसे द्या, पण त्याला सांगा: तू मागे राहा, आम्ही पुढे. जागा आम्ही वाचू, प्रवाह आम्ही बघू, वळायचं आम्ही ठरवू, चुकलो आणि धोका असला तरच मध्ये पड. वर आल्यावर त्याला विचारा काय चुकलं. आम्ही हे दुसऱ्या दिवशी केलं, गाढवांनंतर. आमच्या गाइड बाईंनी पहिल्याच डायव्हनंतर दोन गोष्टी सांगितल्या: माझ्या कमरेला, खाली जाण्यासाठी बांधतात ते, दोन किलो वजन जास्त होतं (झीलंडच्या जाड सूटच्या हिशोबाने लावलेलं), आणि आम्ही दोघं एकमेकांकडे फार कमी बघतो. दुसरी गोष्ट लागली जरा.

ट्रक भाड्याने घ्यावाच लागतो, मागे टाक्यांची फळी असलेला पिकअप. बरेचसे हातगिअरचे असतात, अमेरिकेत राहून क्लच विसरला असाल तर आत्ताच चौकशी करा. टाक्या आठवड्याच्या ठोक भावात मिळतात, गाडी थेट टाक्यांच्या रांगेपाशी न्यायची, उचलायच्या, निघायचं. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) घेतलात तर टाकीतलं ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजून सही करावी लागते. ट्रकमध्ये काहीही ठेवू नका. काहीही म्हणजे गॉगलसुद्धा नाही. लोक काचा खाली सोडून, दारं उघडी ठेवून पाण्यात जातात, म्हणजे चोराला काच फोडायचे कष्ट नकोत. आमचा पाण्याचा थर्मास आणि एक जुना टॉवेल गेला. टॉवेल कशाला न्यावा, देव जाणे. किल्ली छोट्या जलरोधक डबीत घालून बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या, खिशात.

जाड तळाचे बूट घ्या. किनारा वाळूचा नाही, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा आणि धारदार खडकाचा आहे. बहुतेक दुखापती खोल पाण्यात होत नाहीत, गुडघाभर पाण्यात फिन्स घालताना होतात. फिन्स कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर, बडीच्या (डायव्हमधल्या जोडीदाराच्या) खांद्याला धरून घाला.

जागांचं म्हणाल तर पहिले तीन दिवस क्रालेंडाइक गावाजवळच्याच सोप्या जागा करा, एकच जागा दोनदा केलीत तर उत्तम. थाउजंड स्टेप्सला पायऱ्या हजार नाहीत, सत्तरच्या आसपास आहेत. टाकी घेऊन वर चढताना नाव पटतं. सॉल्ट पिअर, म्हणजे मिठाच्या जहाजांचा धक्का, त्याच्या खांबांमधून फिरताना देवळाच्या सभामंडपात फिरल्यासारखं वाटतं, पण जहाज लागलेलं असेल तर उतरायचं नाही. हिल्मा हूकर हे ७२ मीटरचं जहाज गांजाची तस्करी करताना सापडलं आणि १९८४ मध्ये तिथेच बुडालं. ते कुशीवर आडवं पडलंय, वरची बाजू १८ मीटरच्या आसपास, तळ ३० वर. ओपन वॉटरवर तुमची मर्यादा १८ मीटर. वरून बघा, पोट भरेल. पूर्वेच्या बाजूला लाटा उसळतात, तिकडे फक्त फोटो काढायला जा.

रात्रीचा डायव्ह आधी गाइडबरोबर एकदा करा. तिथले टार्पन, माणसाएवढे चंदेरी मासे, तुमच्या टॉर्चच्या झोतात शिकार करायला शिकलेत. खांद्यावरून अचानक काहीतरी सर्रकन जातं आणि तुमच्या समोरचा लहान मासा नाहीसा होतो. माहीत नसताना झालं तर रेग्युलेटर (श्वास घ्यायची नळी) तोंडातून सुटेल.

विमानाआधीचा दिवस कोरडा ठेवा. रोज दोन-तीन डायव्ह केल्यावर शेवटच्या डायव्हनंतर उडायला किमान १८ तास थांबायला सांगतात, आम्ही २४ धरतो. मिठागरांवरचे फ्लेमिंगो त्या दिवसासाठी राखून ठेवा. डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. बेटावर दाब-कक्ष (डायव्हिंगमुळे होणाऱ्या दाबाच्या त्रासावर उपचाराची खोली) आहे, पण साध्या प्रवासविम्यात त्याचा खर्च बसेलच असं नाही. जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, बाहेरचं महाग आहे. बकऱ्याचा स्तोबा मात्र एकदा खा, आपल्या मटणाच्या रश्शाचा लांबचा भाऊ वाटतो.

आणि तारखा ठरवताना पंचांग उघडा. खरंच. पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवस, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, म्हणजे सूर्य गेलाय आणि चंद्र अजून उगवायचाय त्या काळोखात, उथळ पाण्यात डाळीच्या दाण्याहून लहान जीव मादीला बोलावण्यासाठी निळे ठिपके सोडत वर जातात. टॉर्च बंद करून थांबलं की चहूकडे निळ्या मण्यांच्या माळा लोंबायला लागतात. आपल्या हिशोबाने ही संकष्टीच्या आसपासची वेळ. माझी आई चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसायची ती. आम्ही दोन मीटर पाण्यात गुडघे पोटाशी घेऊन तरंगत होतो आणि तो लवकर उगवू नये म्हणून देवाला विनवत होतो.