गळाचं गचपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार, मी घणसोलीला राहतो, गरवायचा नाद लागून दीड वर्ष झालं. मेव्हण्याने अमेरिकेतून बास फिशिंगच्या जिगचा (शिशाचं डोकं ओतलेला गळ) अख्खा डबा आणून दिला, 14 नग होते. त्यातले 4 मागच्या रविवारी एकाच ओहोटीला तिवराच्या मुळात गेले. रॉड 6 फुटी मीडियम आहे, ब्रेड (विणलेला दोरा) 20 पाउंड ताण सोसणारी, लीडर (गळाजवळचा जाड दोऱ्याचा तुकडा) लावत नाही. डब्यावर तर लिहिलंय की दाट झाडीत अडकत नाही, मग माझ्याच का अडकतात? आणि यावर जिताडा लागेल का?

उत्तर : मेव्हणा चांगला आहे, त्याला काही बोलू नका. बास हा मासा आपल्या खाडीत नाही (आणि नाव ऐकून आपल्याकडे माणूस ताट बाजूला सारतो). तिकडे मात्र त्याचं वेड फार, 1932 ला जॉर्जियात 22 पाउंड 4 औंसाचा, म्हणजे 10 किलोचा बास लागला होता आणि 2009 ला जपानच्या बिवा तलावात त्याच्या बरोबरीचा लागला. या माशाला बुडालेल्या झाडांत, गवतात, धक्क्याच्या खांबाखाली दडून बसायची सवय, म्हणून तिकडच्या लोकांनी गळासमोर ताठ केसांचा झुपका असलेला जिग काढला, तो झुपका म्हणजे वीडगार्ड. आपला जिताडा पण असाच अडचणीत दबा धरून बसतो, त्यामुळे जिग चालतो, लागतो पण.

आता अडकतो का ते सांगतो. गार्ड फक्त गळाचं टोक झाकतो, शिशाचं डोकं नाही झाकत. तिवराखाली चिखलातून बोटाएवढी श्वासमुळं शेकड्यांनी वर आलेली असतात, तुम्ही जिग तळाला टाकून ओढत आणला की डोकं दोन मुळांच्या फटीत पाचर मारल्यासारखं बसतं. मग गार्ड काय करणार बिचारा. डबा उघडा आणि डोकी बघा. आडवं, रग्बीच्या चेंडूसारखं डोकं असेल तर तो फुटबॉल जिग, तो दगडावर गडगडत यायला केलेला आहे, दगडी बांधाच्या कडेला वापरा, मुळात अजिबात नाही. पुढून निमुळतं आणि दोरा बांधायची कडी अगदी नाकावर असेल तर तो गवतातून, मुळांतून सरकत येतो, तिवराला हाच. तो पण तळाला न नेता मुळांच्या वरच्या वर पोहत आणायचा. वजन 10 ग्रॅम पुरे, ओहोटीची ओढ जास्त असेल तर 14, म्हणजे अर्धा औंस. त्याच्यावर गेलात की चिखलात रुतलाच समजा.

नवा जिग आणला की गार्डचा झुपका अंगठ्याने दाबून बघा. अंगठ्याला टोचून परत उभा राहिला आणि गळाचं टोक काही दिसलंच नाही तर तो फार ताठ आहे, मासा तोंडात घेईल, तुम्ही हिसका द्याल आणि रिकामा जिग कानाशी येईल. पुढच्या ओळीतले चारपाच केस मुळातून कापा, बाकीचे टोकाच्या जरा वर राहतील एवढे छाटा आणि बोटाने दोन बाजूंना फाकवा. मी पहिली दोन वर्षं हे केलंच नव्हतं आणि मासे दाढीवाल्या जिगला भितात असं सगळ्यांना सांगत फिरायचो.

खरं नुकसान मात्र तुमच्या दोऱ्याने केलंय. 20 पाउंडाची ब्रेड इतकी बारीक असते की फांदीत रुतून बसते, आणि मुळांना, खांबांना कालवं चिकटलेली असतात त्यांच्या धारेवर ताणलेली ब्रेड एका घासात जाते. 50 पाउंडाची घ्या, पुढे 2 फूट 40 ते 50 पाउंडाचा लीडर, जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते त्यालाही तोच उपयोगी (बोटं पण सांभाळा, मासा कल्ल्यातून उचलू नका). रॉड 7 फुटी हेवी, टोक फास्ट, म्हणजे फक्त टोकाशीच वाकणारं. कारण अडचणीत मासा लागला की पहिले दोन सेकंद तुमचे, नंतरचे त्याचे, तेवढ्यात त्याचं तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवायला कंबरेत ताकद असलेलाच रॉड लागतो, मीडियम नुसता वाकून बघत बसतो. रील आहे तेच वापरा, ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळा. पैसे एकदम नसतील तर आधी दोरा बदला, रॉड दिवाळीला.

रंगाचा फार विचार नको, आपलं पाणी बाराही महिने गढूळ, काळा-निळा चालतो. त्यापेक्षा तिथी बघा. उधाणाची भरती मुळांच्या आतपर्यंत चढते आणि ओहोटी लागली की आतलं पाणी बारक्या नाळींतून बाहेर पडतं, कोळंबी, बोईटं त्याच्याबरोबर येतात, जिताडा नाळीच्या तोंडाशी उभा असतो. जिग तिथे 15-20 फुटांवरून हलकेच सोडायचा, लांब फेकायची काही गरज नाही. खाली जाताना दोरा जरा सैल ठेवा आणि डोळे दोऱ्यावर, तो मध्येच थांबला किंवा बाजूला सरकला की हिसका. आणि ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत गळ न्यायचा नाही, हे अभयारण्य 2015 लाच जाहीर झालंय. अडकलेल्या जिगसाठी तिवराची फांदी पण तोडू नका, कांदळवन तोडणं गुन्हा आहे, जिग गेला तर गेला.

प्रश्न : आम्ही ठाण्याहून शहापूरकडच्या एका तलावावर मरळीसाठी जातो, पाणी जलपर्णीने गच्च. जिग की फ्रॉग? – कोलशेतचा वाचक

उत्तर : फ्रॉग, म्हणजे पाण्यावर तरंगणारा रबरी बेडूक. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे तिचं लक्ष वरच असतं. पानांवरून फ्रॉग ओढत आणा, भोक दिसलं की तिथे थांबवा. फट्कन आवाज आला की लगेच ओढू नका, एक श्वास घ्या मग हिसका, तोंड हाडाचं आहे त्यामुळे गळ जाड तारेचा हवा. जलपर्णी फोडून जिग खाली न्यायला 28 ग्रॅमचं तरी वजन लागतं, दिवसभर ते करून खांदा जातो. तलावाच्या ठेकेदाराला आधी विचारा. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा दिसला तर त्याच्याखाली आईबाप राखण करत असतात, तिथे फ्रॉग टाकायचा नाही.

प्रश्न : मे महिन्यात डब्यातले रबरी ट्रेलर (जिगच्या गळाला लावायची मऊ नकली आमिषं) वितळून जिगला चिकटले, काय करू? – ऐरोली

उत्तर : ट्रेलर फेकून द्या. वेगवेगळ्या जातीचं रबर एकत्र ठेवलं की असंच होतं, वर गाडीच्या डिकीत ठेवलं असणार. ट्रेलर त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. जिग खोबरेल तेलाने पुसा, निघतील. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बासचे गळ खाऱ्या पाण्यासाठी नसतात, दोन रविवारात तांबडे होतात.